शेंडा राखणारे सर

गौरवग्रंथाच्या समितीनं आम्हा लेखकांना क्रम आखून दिला आहे. आधी प्रथम परिचय, मग कार्य, मग मूल्यं, मग व्यक्तिगत जिव्हाळा आणि शेवटी शुभेच्छा. क्रम चांगला आहे आणि तो पाळायचा मी प्रयत्न करणार आहे. फक्त एक आधीच सांगते, हा लेख दमलेल्या बाईनं लिहिलेला आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात वाकून मान आखडते, डोळे चुरचुरतात, आणि घरी आल्यावर कुणाचं कौतुक करण्याइतकं त्राण उरत नाही. तरी आदरणीय डॉ. दिगंबर वानखडे सर पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत आणि त्यांच्यावर मी लिहिलं नाही तर ते बरं दिसणार नाही, म्हणून बसले आहे.

आणखी एक कारण आहे. गेल्या महिन्यात सरांच्या वरच्या डाव्या सुळ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि ती मी केली. तो सुळा टिकेल की जाईल, हे आज मलाही सांगता येत नाही. सध्या माझं निम्मं लक्ष त्या एका दाताकडेच असतं, त्यामुळे लेखात तो येणारच. समितीच्या अध्यक्षांना हे विचित्र वाटलं. ‘गौरवग्रंथात दात?’ म्हणाले. मग आम्ही दोघांनी सरांनाच फोन लावला. सर म्हणाले, “लिहू द्या तिले. तोंड माहं आहे.”

तर प्रथम परिचय. शिक्षण संपवून मी चिखलीला माहेरी येऊन बसले होते. नागपूरला राहून पुढं हिरड्यांच्या आजारांचा अभ्यास केला होता, आणि आमच्या भागात त्या अभ्यासाचं नेमकं काय करायचं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. नातेवाईक विचारत, “म्हणजे दाताचीच ना तू?” तेव्हा कळलं की मेहकरला एक ज्येष्ठ डॉक्टर आहेत, मोठ्या शहरातल्या महाविद्यालयातली प्राध्यापकी सोडून गावी आलेत आणि हिरड्यांवर काम करतात. मी प्रमाणपत्रांची फाइल घेऊन एसटीनं मेहकरला गेले. सरांनी फाइल बाजूच्या स्टुलावर ठेवली, उघडलीसुद्धा नाही. मला खुर्चीत बसवलं, दिवा ओढला आणि म्हणाले, “तोंड उघड.”

माझी मुलाखत म्हणजे माझ्या हिरड्यांची तपासणी झाली. खालच्या पुढच्या दातांच्या मागच्या बाजूला माझं कीटण साचलेलं होतं, बहुतेक सगळ्यांचं साचतं तसं. सरांनी ते तिथल्या तिथे काढलं. मी चूळ भरेपर्यंत सर हात धुऊन आले आणि म्हणाले, “स्वतःच्या तोंडात मागं काय आहे हे ज्याले पाहता येत नाही, त्यानं दुसऱ्याचं पाहायचं असते. म्हणून आपला धंदा चालते. सोमवारपासून ये.” मी घरी आले ती चिडूनच. आईला म्हटलं, कसला विक्षिप्त माणूस आहे. आणि सोमवारी गेले.

आता कार्य. इथे वाचकांना थोडा धीर धरायला सांगते, कारण सरांचं काम समजून घ्यायचं तर हिरडीच्या आत डोकवावं लागतं. हिरड्यांचा आजार जुना झाला की दात ज्या हाडात रुतलेला असतो ते हाड मुळाच्या बाजूनं खचत जातं. कुठे कुठे ते एकाच जागी खोल खचतं. उंदरानं शेताच्या धुऱ्यात, बांधात, बीळ करावं तसं मुळाला लागून खाली खाली जातं. वरून हिरडी दिसायला ठीक असते, आत पोकळी झालेली असते. ती पोकळी उघडायची, मूळ खरवडून स्वच्छ करायचं आणि वरून हिरडी घट्ट शिवून टाकायची. मग आत रक्ताची जी गाठ बसते, ती हलली नाही आणि उघडी पडली नाही, तर तिच्या आधारानं हळूहळू नवं हाड भरतं. वर्ष लागतं. वर्षभर तिथं खोली मोजायची सळई घालून पाहायचंही नाही.

सगळं अवलंबून असतं वरच्या झाकणावर. दोन दातांच्या फटीत हिरडीचा जो छोटा त्रिकोण असतो, त्याला सर शेंडा म्हणतात. जुन्या पद्धतीत तो सरळ कापला जायचा. मग बऱ्याचदा तो वाळायचा, झाकण उघडायचं, आतलं सारं वाया जायचं आणि दातांमध्ये काळी फट राहायची. त्या फटीत जन्मभर भाकरी अडकायची. पुढं शेंडा राखण्याच्या नव्या पद्धती आल्या. सरांच्या दवाखान्यात त्यांतल्या दोन चालत. एका पद्धतीत शेंड्याच्या बुडाशी तिरपा छेद घेऊन तो सबंध उचलायचा आणि काम झालं की परत जागेवर बसवून शिवायचा. दुसरीत शेंड्याला पातं लावायचंच नाही. बाजूच्या दाताशी एक लहान उभा छेद घ्यायचा आणि तिथून शेंड्याखालून बोगदा करत बिळापर्यंत जायचं. पहिलीत नीट दिसतं, पण शेंडा दुखावतो. दुसरीत शेंडा अखंड राहतो, पण अंधारात चाचपडावं लागतं.

सरांचा जीव दुसरीवर होता. ते बोगदा करत तेव्हा मी पाहत उभी राहायची. श्वास कधी घेतात तेही कळत नसे. म्हणायचे, “देवानं दिलेलं झाकण आहे, आपण काऊन कापायचं?”

पण जीव आहे म्हणून ती चांगली, हे सरांना पटत नव्हतं. त्यांनी दोन्ही पद्धती समोरासमोर ठेवून पाहायचं ठरवलं. छापून आणण्यासाठी नव्हे, स्वतःच्या मनाला खरं कळावं म्हणून. ज्या दाताला दोन्ही चालण्यासारख्या असतील, त्याच्या वेळी एक चिंचोका टाकायचा. आमच्याकडे सोंगट्या खेळताना घेतात तसा अर्धा फोडलेला, एका बाजूनं पांढरा, एका बाजूनं तपकिरी. पांढरा पडला तर शेंडा उचलायचा, तपकिरी पडला तर बोगदा. दोन्ही पद्धती आधी समजावून सांगायच्या, पेशंटची तयारी असेल तरच चिंचोका बाहेर काढायचा, आणि टाकायचाही पेशंटनंच. बीळ दाताच्या मागं, टाळूच्या बाजूला वळलेलं असेल तर मात्र चिंचोका काढायचाच नाही. तिथवर बोगदा पोचत नाही, म्हणून शेंडा उचलायचा. हा नियम सरांनीच घातला होता आणि तो मला पहिल्याच आठवड्यात पाठ करायला लावला होता.

धाडच्या कौसल्याबाई बाजारात मिरच्या विकायच्या. त्यांच्या हातात चिंचोका दिला तेव्हा त्या खुर्चीतून उठायलाच निघाल्या. “काय बाप्पा डॉक्टर, माह्या दाताचा जुगार लावून राह्यले काय?”

सर स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसले. “हे पाहा माय, मले एक रीत लय आवडते. आता मी जर ठरवलं, तर सोपा सोपा दात मी माह्या आवडत्या रीतीले देईन, अन् अवघड दुसरीले. मंग वर्षानं म्हणीन, पाहा माही रीत कशी भारी. हा लबाडपणा झाला का नाही?”

“हाव, झाला.”

“म्हणून तुम्ही टाका. तुमचा तर कोणाशी सोयरसंबंध नाही.”

बाईंनी थोडा विचार केला आणि चिंचोका टाकला. पांढरा पडला. सरांच्या मनाविरुद्ध. सरांनी त्या दिवशी तो शेंडा इतका जपून उचलला आणि शिवला, की मला वाटलं, नावडत्या पद्धतीचं काम माणूस इतकं मन लावून कसं करतो? समितीला मूल्यांवर परिच्छेद हवा होता, तो माझ्या मते इथेच झाला.

दुखायचं थांबलं की आमच्या भागातला माणूस दवाखान्याकडे फिरकत नाही, आणि आम्हाला तर वर्षानं एक्स-रे हवा. फोन केले तर म्हणायचे, “काई तरास नाई जी, काऊन यावं?” मग सरांनी स्वतःच जायला सुरुवात केली. धाडच्या बाजारात, लोणारच्या स्टँडवर, हिवरा आश्रमच्या उत्सवातसुद्धा आम्ही पेशंट शोधत हिंडलो आहोत. सरांच्या खिशात आरसा आणि टॉर्च. मिरच्यांच्या ढिगाशी उकिडवं बसून कौसल्याबाईंना ते म्हणाले, “उघडा बरं तोंड.” भोवती माणसं जमली. बाईंनी पदरानं अर्धा चेहरा झाकला आणि अर्ध्या तोंडानं दात दाखवला. शेंडा जागेवर होता, गुलाबी. सरांनी त्यांना पुढच्या आठवड्यात एक्स-रेला यायचं कबूल करून घेतलं, आणि त्या खरंच आल्या. हाड भरलं होतं. सरांनी फोटो दाखवला तेव्हा त्यांनी तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाल्या, “बरं हाय. आता हा इकडचा दुखते, तो पाहा.”

हे सांगते ते एवढ्यासाठी, की आमच्या कामाला कुणी शाबासकी देत नाही. उपटलेला दात हातात घेऊन पाहता येतो. नवा बसवलेला दात बायको पाहते, शेजारी पाहतात. वाचलेला दात मात्र कुणालाच दिसत नाही. तो आधीही होता आणि आताही आहे, त्यात डॉक्टरनं काय केलं? सरांनी अख्खं आयुष्य या न दिसणाऱ्या कामात घातलं. मला त्याचा कंटाळा येतो. सरांना येत नसावा असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

तो समज मोडला. बरीच वर्षं गेल्यावर सरांनी सगळा हिशेब मांडून पाहिला. बोगद्याच्या पद्धतीत पहिले काही दिवस दुखणं कमी असे, सूज कमी असे. पण वर्षानंतरचं हाड पाहिलं, शेंडा पाहिला, तर दोन्हींत म्हणावा असा फरक नव्हता. सरांनी हे जिल्ह्यातल्या डॉक्टरांच्या बैठकीत उभं राहून सांगितलं. एका तरुण डॉक्टरनं विचारलं, “सर, सारख्याच निघाल्या, मग एवढा खटाटोप कशाला?” सर म्हणाले, “सारख्या आहेत हे कळायला.” सगळे हसले, टाळ्याही पडल्या. परत येताना सर गाडीत माझ्या बाजूला बसले होते. चिखली मागं पडल्यावर मात्र म्हणाले, “मले वाटलं होतं बोगदा जिंकल.” आणि थोड्या वेळानं, “थकलो हो.” त्यांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला.  मी गाडी चालवत राहिले.

त्यानंतर काही दिवसांनी टाके घालताना त्यांचा हात थरथरला. पेशंटला कळलं नाही, मला कळलं. सरांनी सुई माझ्या हातात दिली आणि ती परत घेतली नाही. तेव्हापासून शस्त्रक्रिया मी करते आणि सर बाजूच्या स्टुलावर बसतात. पेशंटसमोर ते मला ‘डॉक्टर मॅडम, तुम्ही’ म्हणतात आणि पेशंट गेला की ‘तू’. ‘तू’वर आले की चुका सांगतात. दवाखानाही त्यांनी माझ्यावर सोपवला. किल्ली देताना भाषण वगैरे काही नाही. “नळाचं वायसर गेलं आहे, तेवढं बदलून घे,” एवढंच म्हणाले.

व्यक्तिगत जिव्हाळ्याबद्दल एकच गोष्ट सांगते. माझं बाळंतपण झालं तेव्हा मला दवाखाना सोडावा लागेल असं घरात ठरत होतं. काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नींनी, दवाखान्यामागच्या खोलीत पाळणा बांधला. दोन पेशंटच्या मधे मी लेकीला पाजून यायची. एकदा उशीर झाला तर सर पेशंटला म्हणाले, “थांबा जरासक, डॉक्टर मॅडम इमर्जन्सी पाहून राह्यल्या.”

काकूंच्या तोंडात कवळी आहे. हिरड्यांच्या एवढ्या मोठ्या डॉक्टरांच्या घरात असं कसं, हा प्रश्न सगळ्यांना पडतो आणि काकू त्याचं उत्तर कुणालाही देतात. “हे महाविद्यालयात जगाच्या हिरड्या शिवून राह्यले होते, मी इथं गावात सासू-सासऱ्याचं करत होते. दात हालले तसे गावातल्या डॉक्टरनं उपटले. यांले पत्रानं कळवलं.” हे त्या हसत सांगतात. सर त्या वेळी उठून आत जातात. प्राध्यापकी सोडून ते गावी का आले, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

आणि मग या वर्षी सरांचा सुळा.

त्यांना स्वतःलाच जाणवला. चावताना जरा हलल्यासारखा. एक्स-रे काढला तर सुळ्याच्या दाढेकडच्या अंगाला खोल बीळ. सरांनी फोटो उजेडात धरून पाहिला आणि खाली ठेवला. जिल्ह्याबाहेरच्या जुन्या विद्यार्थ्यांनी फोनवर सांगितलं, सर, या वयात कशाला, काढून इम्प्लांट बसवू, आम्ही येतो. काकू म्हणाल्या, “उपटून टाका अन् कवळी लावा. मले काय वाईट आहे?” सर कुणाशी वाद घालत बसले नाहीत. संध्याकाळी दवाखान्यात येऊन मला म्हणाले, “हा दात मले ठेवायचा आहे. तू करशील. शेंडा कापायचा नाही, बोगद्यातून करायचं.”

मी थट्टेनं म्हटलं, “सर, दोन्ही पद्धती सारख्याच ना? चिंचोका टाकू या.”

सर हसले नाहीत. “सरासरीनं सारख्या आहेत,” म्हणाले. “माहा दात एकच आहे.”

मी हो म्हटलं. सळईनं मोजताना बीळ टाळूकडे वळलं असावं अशी मला शंका आली होती, पण खात्री नव्हती. एक्स-रेत ओठाकडचं आणि टाळूकडचं एकावर एक दिसतं. सरांनीही ती शंका बोलून दाखवली नाही, आणि त्यांना ती आली नसेल हे मला पटत नाही.

शस्त्रक्रियेच्या दिवशी काकू आतच स्टुलावर बसल्या. मी भूल दिली. बाजूला उभा छेद घेतला आणि शेंड्याखालून हळूहळू बोगदा केला. पुढची बाजू सुंदर उघडली. मूळ दिसलं, बिळाचा काठ दिसला. मी खरवडत गेले. आणि मग माझं हत्यार मुळाला वळसा घालून मागं गेलं, आणखी मागं गेलं, आणि त्याला हाड लागलंच नाही. बीळ टाळूच्या बाजूला फिरलेलं होतं. तिथवर माझा हात पोचत नव्हता, नजरही पोचत नव्हती.

मी थांबले. “सर, मागं फिरलंय. शेंडा उचलावा लागेल.”

सरांनी हात वर केला. मी तोंडातली साधनं काढली, जखमेवर गॉज ठेवलं. ते उठून बसले. अर्धं तोंड बधिर, बोलणं अडखळत. “नाही. दिसते तेवढं साफ कर अन् शिवून टाक.”

“मागची घाण तशीच ठेवून?”

“हाव.”

“सर, मग दात राहणार नाही. नियम तुमचाच आहे. मागं वळलं की शेंडा उचलायचा.”

“मले माहीत आहे नियम.”

मला राग आला. एवढी वर्षं त्यांच्यासमोर मी कधी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवला. “दुसऱ्या कुणाचा दात असता आणि मी असं अर्धवट शिवलं असतं, तर तुम्ही मला दवाखान्याबाहेर काढलं असतं. आणि हा तुमचा आहे म्हणून मी लबाडी करू?”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत मला भीती दिसली. साधी, कुठल्याही पेशंटच्या डोळ्यांत असते तशी. शेंडा वाळेल, झाकण उघडेल, दात जाईल आणि आपल्याला आपल्याच आवडत्या पद्धतीनं वाचवता आला नाही असं होईल, ही भीती. मला त्यांची फार कीव आली आणि फार माया वाटली, आणि तरीही मी हो म्हणणार नव्हते.

 काकू स्टुलावरूनच म्हणाल्या, “अवो, माह्या वेळेस मले कोणी विचारलंही नव्हतं, का उपटायचं का ठेवायचं. तुम्हाले हे पोरगी विचारून तरी राह्यली. निजा मुकाट्यानं.”

सरांनी काकूंकडे पाहिलं. या वेळी ते उठून गेले नाहीत. जाणार तरी कुठे? मग मान टेकली, डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

मी शेंडा कापला. तिरपा, बुडाशी, त्यांनीच शिकवला होता तसा. उचलून बाजूला धरला तेव्हा मागचं सगळं दिसलं. मुळाच्या मागच्या अंगाला कीटणाचा काळा थर होता. मी तो काढला. मूळ पांढरं होईपर्यंत काढला. पोकळीत रक्त भरू दिलं, शेंडा परत बसवला आणि सर्वांत बारीक धाग्यानं टाके घातले.  हात धुताना मात्र रडू आलं, आणि काकूंनी काही न विचारता पाठीवर हात ठेवला.

टाके काढायला सर आले तेव्हा शेंड्याचं टोक फिकट पडलेलं होतं. मला रात्रभर झोप आली नाही. पुढच्या खेपेला रंग परतला होता, पण टोक किंचित खाली बसलं आहे, निरखून पाहिलं तर दिसतं. सरांनी आरशात बराच वेळ पाहिलं. मी वाट पाहत उभी होते, पहिल्या मुलाखतीच्या वेळी नव्हते इतकी घाबरलेली. ते म्हणाले, “टोक बसलं जरासं.” मग आरसा खाली ठेवून म्हणाले, “माह्या हातानंही एवढंच बसलं असतं.” एवढी वर्षं त्यांच्या हाताखाली काढल्यावर मला मिळालेलं हे प्रशस्तिपत्र आहे, आणि मी ते सत्काराच्या शालीपेक्षा जपून ठेवणार आहे.

आता शुभेच्छा. सत्कारसमारंभात वक्ते सरांना शतायुषी व्हा म्हणतील. सर ते ऐकतील आणि मनात म्हणतील, शंभर वर्षं करायचं काय? ते थकले आहेत, हे मला माहीत आहे. मीही थकले आहे. गेल्या दिवाळीतच मी ठरवलं होतं की या शस्त्रक्रिया आता पुरे. सरळ दात काढायचे, इम्प्लांट बसवायचे, मान सुटेल, लोकही खूश होतील. शिकून आलेल्या एका मुलाशी दवाखाना चालवायला देण्याबद्दल बोलणंही झालं होतं. ते मी सध्या थांबवलं आहे.

सर, त्या सुळ्यामागं हाड भरतं आहे की नाही, ते आज कुणालाच सांगता येणार नाही. मी तिथं टोचून पाहणार नाही आणि आपणही जीभ लावून हलवून पाहू नये, आपल्याला सवय आहे म्हणून सांगते. त्या बाजूनं हुरडा खाऊ नये. प्रकृती जपावी, साखर ताब्यात ठेवावी, काकूंचं ऐकावं. दीर्घायुष्य आपल्याला लाभो असं मी म्हणते, ते समारंभापुरतं नाही. तो दात माझ्या हातचा आहे. तो राहिला की गेला हे पाहिल्याशिवाय मला दवाखान्यातली खुर्ची सोडता येणार नाही, आणि आपल्यालाही बाजूचं स्टूल.